अनुभव धागा: नाच शिकता-शिकवताना आत काय हललं?

परवा नौपाड्यात क्लास सुटल्यावर एका आईने विचारलं, "ताई, इतकी वर्षं कथक शिकवताय, तुम्हाला स्वतःला काय मिळालं?" काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण प्रश्न घरापर्यंत आला. म्हणून हा धागा. नाचता नाचता शिकवू लागलात आणि आत काही हललं असेल तर लिहा. प्रवचन नको, घडलेलं सांगा. सुरुवात मीच करते.

मी शिकायला वाशीला जायचे. ठाण्याहून थेट वाशीला जाणारी ट्रान्स हार्बर लोकल 2004 ला आली. त्याआधी ठाण्याहून निघून कुर्ल्याला उतरायचं आणि तिथून हार्बर पकडायची. पिशवीत घुंगरू. गर्दीत धक्का लागला की छुम्म, आणि अख्खा लेडीज डबा माझ्याकडे बघायचा. विशारद झाले, क्लास काढला आणि पुढची बरीच वर्षं मुलींवर नुसती ओरडले.

मग एक मुलगी आली, तिला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सापडायचीच नाही. तिहाई, म्हणजे तीनदा येऊन समेवर संपणारा तुकडा, संपायची आणि ही एक मात्रा पुढे. एका रविवारी वैतागून म्हटलं, आज नाचू नकोस, बस, घुंगरू ओवू. सुती दोरी, एका पायाचे 100. प्रत्येक घुंगरामागे घट्ट गाठ, म्हणजे ते सरकत नाही. विसेक गाठी झाल्यावर लक्षात आलं, ही गाठ ओढताना पुटपुटतेय. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. अगदी लयीत! पायांत नसलेली लय बोटांत होती, आणि मी तीन वर्षं फक्त पायच बघत होते. रात्री जपाला बसले, तर मणी ओढताना तीच गाठ आठवली. तेव्हापासून माझा जप तालात चालतो. शास्त्रात बसतं की नाही, देव जाणे.

वाशीहून, भरतनाट्यम्

गुडघ्याने दगा दिला, अरैमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं, बंद. आता पाटावर बसून तट्टकळी, म्हणजे ताल धरायची लाकडी काठी, वाजवत शिकवते. आधी मुली माझी पाठ बघायच्या आणि मी आरसा. आता समोरासमोर.

नाचाआधी भूमीला नमस्कार असतो. तिच्यावर पाय आपटणार म्हणून क्षमा मागायची. तो मी वर्षानुवर्षं उरकला. आता वाकता येत नाही, तर मुली वाकतात तेव्हा हात जोडून थांबते. सगळ्यात धाकटी एक डोळा उघडून तपासते, मी करतेय ना!

ऐरोलीहून

माझं जरा वेगळं. शाळांच्या गॅदरिंगचे नाच बसवतो. डिसेंबरात दिवसाला चार शाळा, जेवण म्हणजे वडापाव. अध्यात्म वगैरे काही झालेलं नाही. एका शाळेने तर दोन वर्षं पैशांसाठी झुलवलंय. वाचतोय.

कळव्याहून

आमचा नाच तुमच्यात बसतो का बघा. मी निवृत्त बसड्रायव्हर, भजनी मंडळात पोरांना पावली शिकवतो. समोरासमोर दोन रांगा, गळ्यात टाळ, मध्ये पखवाज. पखवाजाने लय वाढवली की पोरं सुटतात. टाळ आधी, पाय मागून, हे सांगून घसा बसतो.

थांबलो की सगळे एकमेकांच्या पाया पडतात, लहान-मोठा बघायचं नाही. आयुष्यभर स्टिअरिंगमागे शिव्या दिल्या अन् खाल्ल्या. पहिल्यांदा नातवाच्या वयाच्या पोराच्या पाया पडलो, तेव्हा कमरेपेक्षा मान जास्त दुखली. बायको म्हणते, हल्ली आमटी खारट झाली तरी गुपचूप जेवता.

पुन्हा ऐरोलीहून

काका, तुमचं वाचून एक आठवलं. गेल्या डिसेंबरात पहिलीतला एक पोरगा विंगेत माझा शर्ट सोडेना. म्हटलं, तू तिकडे नाच, मी इकडे नाचतो. तो उजेडात, मी अंधारात. अख्खं गाणं तो माझ्याकडेच बघत नाचला, प्रेक्षकांना त्याचा फक्त कान दिसला. बाईंनी नंतर मला झापलं. पण त्या तीन मिनिटांत थकलेल्या पैशांची आठवण झाली नाही, एवढं खरं. याला काय म्हणायचं ते ताई, तुम्हीच ठरवा.

नौपाड्याहून, धागाकर्ती

मी कशाला ठरवू? त्या शाळेचे पैसे आले का, ते आधी सांगा.