मदत हवी आहे: आमची सिंगल सीटर उंचवट्यावर आपोआप वळते, मिरगाच्या आत सोडवायचंय

सड्यावरची_टीम
आम्ही सहा जण, रत्नागिरी. डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी एका माणसाची रेसिंग कार बनवली आहे, कार्टिंगमधून पुढे येणाऱ्या पोरांना शिकायला. पाइपची चॅसिस, ड्यूक ३९०चं इंजिन, मागे चेन. काल पहिल्यांदा सड्यावरच्या रस्त्यावर काढली. सपाटीला सरळ जाते. पण डावं चाक उंचवट्यावर चढलं की गाडी डावीकडे ओढते, स्टिअरिंग घट्ट धरलं तरी. उजवं चढलं की उजवीकडे. आठ दिवसांत मिरग लागेल, मग पावसात सड्यावर टेस्टिंग नाही. काय बदलू ते लवकर सांगा.

दर्यावर्दी७
हवा किती भरलीय? कारसारखी ३० पीएसआय असेल तर एवढ्या हलक्या गाडीचं चाक उडणारच. १८वर आणा, बघा फरक.

घाटमाथा
हवा जास्त असली तर चाक उडेल, स्वतःहून वळणार नाही. हे बम्प स्टिअर आहे. चाक वर-खाली होताना टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाला जाणारा दांडा, त्याला ढकलतो किंवा ओढतो. पुढचं सस्पेन्शन कसलं? रॅक, म्हणजे टाय रॉड डावी-उजवीकडे सरकवणारी दातांची पट्टी, कुठली? एक्सलच्या पुढे बसवलीय की मागे?

सड्यावरची_टीम
डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन बिजागरीचे हात, नेहमीसारखंच. रॅक मागे. अलाइनमेंट दोनदा करून घेतली, टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) शून्य आहे. तरी का?

घाटमाथा
गाडी उभी असताना टो शून्य असून काय उपयोग? चाक हललं की तो किती राहतो ते बघायचं. आणि रॅक कुठली ते अजून सांगितलं नाहीत.

लाँचवाला_मालवण
मी लाँचीच्या इंजिनांचा काम करतंय. पोरांनू, पाइपांक आतून काय लावलास? भायल्यान रंग बरो दिसता, पण खारो वारो आतून पाइप खाता. बारीक भोक पाडून आत तेल सोडा, गाडी फिरवून सगळीकडे लागूंदे, मगे भोक बुजवा. पावसाआधी करा.

जुना_शर्यतवाला
ड्यूकचं इंजिन कशाला घेतलंत? कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८००च्या ७९६ सीसी इंजिनावर फॉर्म्युला मारुती ही सिंगल सीटर रेसिंग कार उभी केली. नारायण कार्तिकेयनसुद्धा सुरुवातीला तीच चालवायचा, आणि २००५ला फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला. ते इंजिन कुठल्याही गॅरेजात खोलता येतं.

लोटे_फॅब्रिकेटर
काका, ते सगळं खरं, पण ड्यूकच्या इंजिनातच सहा गिअरचा डबा येतो आणि वजन कितीतरी कमी. मारुतीचं इंजिन घ्या, गिअरबॉक्स घ्या, रेडिएटर मोठा घ्या, पोराच्या पाठीमागे किती लोखंड लादणार? सड्यावरची टीम, माझं ऐका, पुढच्या स्प्रिंगा कडक करा. चाक हललंच नाही तर वळेल कशाला?

जुना_शर्यतवाला
चेन तुटली तर? ती चालवणाऱ्याच्या पाठीशी आहे. गार्ड लावलाय का, कोणीच विचारलं नाही.

घाटमाथा
चेनला जाड पत्र्याचा गार्ड हवाच, त्यात दुमत नाही. पण स्प्रिंगा कडक करणं म्हणजे दुखणं झाकणं. आधी मोजा. स्प्रिंग काढून गाडी ठोकळ्यांवर ठेवा, स्टिअरिंग बांधून टाका. हबला ५०० मिमीची सरळ पट्टी लावा, तिची दोन्ही टोकं बाजूला ताणलेल्या दोरीपासून किती लांब आहेत ते बघा, त्यांतला फरक म्हणजे टो. मग चाक २५ मिमी वर, २५ मिमी खाली. वर नेल्यावर टो एकीकडे आणि खाली नेल्यावर उलट जात असेल तर रॅकची उंची चुकली, शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून भागेल. दोन्ही वेळा एकाच बाजूला जात असेल तर टाय रॉडची लांबी चुकली. मग शिमांनी काही होणार नाही.

सड्यावरची_टीम
रात्री मोजलं. वर नेलं तर ५ मिमी टो-आउट (तोंड बाहेर), खाली नेलं तर ४, तोही टो-आउटच. दुसऱ्या चाकाचंही तसंच. रॅक मारुती ८००ची आहे, भंगारातून घेतली. सांगायचं राहिलं.

घाटमाथा
हीच गोष्ट पहिल्या दिवशी हवी होती. टाय रॉड किती लांब, विशबोन किती?

सड्यावरची_टीम
टाय रॉड २०० मिमी, खालचा विशबोन ३५०.

घाटमाथा
मिळालं. मारुतीची रॅक रुंद गाडीसाठी आहे, तुमचं नाक अरुंद. रॅकची टोकं विशबोनच्या बिजागऱ्यांच्या बाहेर गेलीत, म्हणून रॉड आखूड पडला. आखूड रॉड लहान वर्तुळात फिरतो, चाक वर जावो की खाली, तो त्याला जास्तच आत ओढतो. तुमचा रॉड एक्सलच्या मागे, म्हणून चाकाचा मागचा भाग आत आणि तोंड बाहेर. डावं चढलं की डावीकडे, हे त्याच्याशी जुळतं.

वरच्या आणि खालच्या विशबोनच्या आतल्या बिजागऱ्या जोडणारी रेषा काढा. टाय रॉडचा आतला सांधा त्या रेषेवर आला पाहिजे, तसाच बाहेरचा सांधा विशबोनच्या बाहेरच्या टोकांना असलेल्या बॉल जॉइंटच्या रेषेवर. म्हणजे रॅक आखूड हवी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना देऊन करून मिळेल. पण तुमची आहे ती कापून वेल्ड करू नका. स्टिअरिंगचा भाग आहे, पोराच्या हातात जाणार आहे.

लोटे_फॅब्रिकेटर
मी कापलेली एक चालवली आहे, तीन वर्षं काही झालं नाही.

घाटमाथा
तुमचं काम चांगलं असेल, दादा. पण दात कडक केलेल्या पोलादावर घरचा वेल्ड बाजूलाच तडकतो. हे मुलांसाठी आहे.

सड्यावरची_टीम
कापत नाही. कागदावर रेषा काढून पाहिली, सांधा दोन्हीकडे जवळजवळ ११० मिमी आत घ्यावा लागतोय. उद्या पहाटे आंबा घाटाने कोल्हापूरला निघतो, चॅसिसचं ड्रॉइंग सोबत घेऊन. लाँचवाले काका, तेल सोडताना साधं इंजिन ऑइल चालेल का?

लाँचवाला_मालवण
चालात. पण वायच गरम करून घाल, म्हणजे कोपऱ्यात पोचता.