१५ विजयांनंतरचा हिवाळा : बंदिस्त लॅक्रॉसच्या आठवणी (अनुभव धागा)

सदाफुली

गेल्या आठवड्यात मॅथेसन रस्त्यावरून घरी येताना मिसिसॉगाच्या क्रीडागृहापाशी सिग्नलला गाडी थांबली आणि माझी नजर आपसूक त्या रिकाम्या वाहनतळाकडे गेली. टोरंटो रॉक हा व्यावसायिक बॉक्स लॅक्रॉसचा (जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलून गोल करण्याच्या बंदिस्त मैदानातील खेळाचा) संघ २०२४-२५ च्या हंगामात एका हिवाळ्यापुरता येथे बिऱ्हाडाला आला होता, कारण हॅमिल्टनमधील त्याच्या घरच्या क्रीडागृहाचे नूतनीकरण चालू होते. त्याच हिवाळ्यात माझे सासरे, आबा, कराडहून आमच्याकडे आले होते. बाहेर हाडे गोठवणारी थंडी, पाच वाजायच्या आत पडलेला अंधार आणि बोलायला समवयस्क कोणी नाही, अशा स्थितीत त्यांचे मन रमावे म्हणून मी एका शनिवारी त्यांना सामन्याला नेले, आणि पुढे घरचे सामने पाहण्याचा आम्हा दोघांचा नेमच झाला.

आदल्या वर्षी याच संघाने १८ पैकी १५ सामने जिंकून पहिला क्रमांक मिळवला होता. आमच्या वाट्याला आलेल्या हंगामात मात्र पराभवांची संख्या विजयांहून अधिक झाली आणि संघाला बाद फेरीही गाठता आली नाही. शेजारच्या खुर्चीवर नेहमी बसणारे एक वयस्क गृहस्थ आदल्या वर्षीचे पराक्रम सांगत, मी ते मराठीतून आबांना ऐकवत असे, आणि आबा मैदानाकडे पाहत दर वेळी विचारत, “हीच पोरं व्हती का ती?”

आबा तरुणपणी कबड्डी खेळलेले आहेत. हॉकीच्या मैदानावर अंथरलेला हिरवा गालिचा, प्रत्येक बाजूला ५ खेळाडू आणि १ गोलरक्षक, आणि चेंडू हाती आल्यापासून ३० सेकंदांत गोलवर फटका मारण्याची सक्ती, एवढे त्यांना पहिल्या दोन सामन्यांतच उमगले. हल्ल्याचे खेळाडू आणि बचावाचे खेळाडू खेळ चालू असतानाच धावत बाकावर जातात आणि त्यांच्या जागी दुसरे उतरतात, ही गोष्ट त्यांनी माझ्या आधी हेरली. संघाचा आत्मविश्वास गेला की ही अदलाबदल अर्धा श्वास उशिरा होते आणि तेवढ्यात समोरचा गडी मोकळा सुटतो, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यानंतर मी गोलकडे पाहणे कमी केले आणि बाकाकडे पाहू लागले.

असा वर-खाली गेलेला हंगाम आपण कोणत्या संघासोबत काढला, कोणाबरोबर काढला, हे वाचायला मला फार आवडेल. सविस्तर लिहावे.

तळेगावकर

सदाफुलीताई, मी बफेलोचा, म्हणजे आपल्या संघाच्या दुःखात ज्यांचा मोठा वाटा आहे अशा बँडिट्सचा प्रेक्षक आहे. २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे बाद फेरीत रॉकची वाट आमच्याच संघाने अडवली. २०२४ मध्ये तर साखळीत तुमचे १५ विजय होते आणि आमचे ११, तरीही उपांत्य फेरीचे दोन्ही सामने आम्ही जिंकलो. दुसरा सामना हॅमिल्टनमध्ये होता. मी त्याला गेलो होतो आणि सामना संपल्यावर लाल पोशाखातील एक लहान मुलगा वडिलांच्या खांद्यावर डोके टेकवून गप्प बसलेला पाहिला, तेव्हा मला माझे २०२२ आठवले.

त्या वर्षी आम्ही साखळीत १४ सामने जिंकले होते. कोलोरॅडो मॅमथविरुद्धच्या अंतिम फेरीचा तिसरा, निर्णायक सामना आमच्या घरी होता आणि मी पत्नी व दोन्ही मुलींसह गेलो होतो. आम्ही ८-१० असे हरलो. घरी येईपर्यंत गाडीत कोणीही एक शब्द बोलले नाही. दुसऱ्या वर्षी तोच प्रतिस्पर्धी, तोच तिसरा सामना, तेच मैदान, आणि या वेळी आम्ही १३-४ असे जिंकलो. माझी धाकटी मुलगी मात्र आजही २०२२ च्या सामन्याविषयीच अधिक बोलते. पुढे २०२४ आणि २०२५ चे चषकही आले, ते तिला एकत्रच आठवतात.

चिनूककर

तळेगावकर, आपल्या यादीत २०१९ राहून गेले आहे. त्या वर्षी आपले साखळीत १४ विजय होते आणि आमच्या कॅलगरी रफनेक्सचे अवघे १०, तरी चषक सॅडलडोम या आमच्या क्रीडागृहात जादा वेळेत १४-१३ असा आमच्याकडे आला. मी कामावरून थेट गेलो होतो, सामना उभ्यानेच पाहिला. बाकी सवडीने लिहितो, सध्या मुलाला पोहण्याच्या वर्गातून आणायचे आहे.

तळेगावकर

चिनूककर, ते वर्ष मी मुद्दाम टाळले होते. मी त्या रात्री घरी बसून सामना पाहत होतो, आणि जादा वेळेत एकच गोल निर्णायक असतो, त्यामुळे त्या काही क्षणांत चहाचा पेला हातातून खाली ठेवण्याचेही भान राहिले नव्हते. आपले मनःपूर्वक अभिनंदन, सहा-सात वर्षे उशिरा का होईना.

रानपाखरू

आल्बनी फायरवुल्व्ज. २०२३ मध्ये ३ विजय, १५ पराभव. २०२४ मध्ये अंतिम फेरी. २०२५ च्या हंगामानंतर संघच गावातून गेला.

एवढेच लिहून थांबणार होते, परंतु सदाफुलीताईंनी सविस्तर लिहा म्हटले आहे म्हणून लिहिते. मी येथे नोकरीनिमित्त एकटी राहत असे. ३-१५ च्या हंगामात क्रीडागृहात इतक्या खुर्च्या मोकळ्या असत की तिकिटावरच्या जागेचा आग्रह कोणी धरत नसे, आणि त्यामुळे आम्ही नियमाने येणारे पंधरा-वीस जण हळूहळू एकाच कोपऱ्यात बसू लागलो. त्यांत एक निवृत्त बसचालक होते, दोन शाळकरी भाऊ आणि त्यांची आई होती, आणि मी. पुढच्या वर्षी संघ जिंकू लागला, गर्दी वाढली, आणि आमची सारी मंडळी पुन्हा आपापल्या क्रमांकाच्या खुर्च्यांवर विखुरली. मला विजयाचा आनंद नव्हता असे मुळीच नाही. अंतिम फेरी निश्चित झाली त्या रात्री माझा घसा बसला होता. परंतु मध्यंतरात मी त्या जुन्या कोपऱ्याकडे जाऊन पाहत असे.

संघ कॅनडातील ओशावाला जाणार ही बातमी मी कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत वाचली. त्या शाळकरी भावांपैकी थोरल्याला एका खेळाडूने सामन्यानंतर आपला हातमोजा दिला होता. त्याला कोणी कसे सांगितले असेल, हाच विचार दिवसभर मनात होता.

नवखा_पालक

विषयाशी थोडे दूरचे विचारतो, क्षमस्व. माझी मुलगी ८ वर्षांची आहे आणि तिला हा खेळ सुरू करायचा आहे. शिरस्त्राण हॉकीचे चालते का, की वेगळे घ्यावे लागते?

चिनूककर

नवखा_पालक, आमच्या क्लबने मुलाला हॉकीचेच शिरस्त्राण जाळीसह चालेल असे सांगितले होते, परंतु प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून आपल्या क्लबला आधी विचारावे. छातीचे आणि दंडांचे संरक्षक मात्र मापाचेच घ्यावेत, “पुढच्या वर्षीही होईल” म्हणून मोठे घेऊ नयेत. बॉक्स लॅक्रॉसमध्ये दंडावर काठीचे फटके नेहमी बसतात.

दुर्वांकुर

रानपाखरू, मी ओशावात राहतो. आपला संघ आता आमच्याकडे आहे, हे लिहिताना संकोच वाटतो.

येथे संघ येणार असे कळले तेव्हा आम्हाला आनंदच झाला होता, कारण या भागात लॅक्रॉस फार जुना आहे आणि माझ्या मुलाच्या वर्गातील निम्मी मुले उन्हाळ्यात काठ्या घेऊन फिरत असतात. पुढे मी या संघाचा पूर्वेतिहास वाचला. हाच संघ १९८७ पासून २०१४ पर्यंत फिलाडेल्फियाचा होता, तेथून कनेटिकटला गेला, २०२१ मध्ये आल्बनीला आला आणि मग येथे. म्हणजे आपण ज्या कोपऱ्याविषयी लिहिलेत तशी कोपऱ्यांतील माणसे त्याने तीन गावी मागे ठेवली आहेत. आपले लिखाण मी पत्नीला वाचून दाखवले. आपण कधी या बाजूला आलात तर आमच्या घरी उतरावे आणि सामन्याला आमच्यासोबत यावे, हे औपचारिक निमंत्रण समजू नये.

रानपाखरू

दुर्वांकुर, संकोच मुळीच नको. संघ कोठे तरी खेळतो आहे, हे मला बरे वाटते. मी येईन.

हिवाळी_प्रवासी

हॅलिफॅक्स, २०२०. थंडरबर्ड्सचा तेथला पहिलाच हंगाम, संघ रॉचेस्टरहून आलेला, मी विद्यार्थी. मार्चच्या उत्तरार्धातील एका सामन्याची तिकिटे आम्ही चौघांनी मिळून काढली होती. १२ मार्चला सामने स्थगित झाले, पुढे तो हंगाम रद्दच झाला आणि २०२१ चा हंगाम तर झालाच नाही. २०२१ च्या डिसेंबरात स्पर्धा पुन्हा सुरू झाली, तोवर आम्ही चौघे चार शहरांत होतो.

येथे सर्वांनी चढ आणि उतार दोन्ही पाहिले आहेत. आमचा हंगाम वर चढत असतानाच थांबला, त्यामुळे तो संघ पुढे कुठवर गेला असता हा प्रश्न आम्ही चौघे दर वर्षी मार्चमध्ये एकमेकांना फोनवर विचारतो, आणि त्या निमित्ताने बोलणे होते.

शुभ्रकमळ

मी ब्रँटफर्डला परिचारिका आहे. सिक्स नेशन्स ऑफ द ग्रँड रिव्हर ही हॉडेनोशोनी या मूळनिवासी लोकांची वसाहत आमच्या शेजारीच आहे आणि माझ्या सहकाऱ्यांपैकी दोघी तेथल्या आहेत. सदाफुलीताई, आपला संघ आदल्या वर्षी १५ सामने जिंकून दुसऱ्या वर्षी गडगडला तेव्हा मी फार अस्वस्थ होते आणि कामाच्या मधल्या सुट्टीत तावातावाने बोलत असे. माझ्या सहकारी मैत्रिणीने तेव्हा मला सांगितले की त्यांच्याकडे हा खेळ निर्मात्याने दिलेला आणि औषधी मानला जातो. कोणी आजारी असेल, गावावर संकट असेल, तर त्याच्यासाठी सामना खेळवतात आणि त्या सामन्यात कोण जिंकले याला महत्त्व नसते. मुलगा जन्मला की त्याच्याजवळ लहानशी लाकडी काठी ठेवतात आणि माणूस गेला की काठी त्याच्यासोबत देतात.

तिच्या वडिलांची हिकरी लाकडाची काठी मी तिच्या घरी पाहिली आहे. वाफेवर वाकवलेले लाकूड आणि त्याला विणलेली जाळी, हातात घेतल्यावर अपेक्षेहून जड लागते. तिचा भाचा गावच्या मैदानावर खेळतो आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस असणार, हे कळल्यापासून त्यांच्या घरात एकच काळजी आहे: आपल्या लोकांचा संघ स्वतःच्या ध्वजाखाली उतरू शकेल का? ज्यांनी हा खेळ जगाला दिला त्यांना हा प्रश्न विचारावा लागतो, याचे मला फार वाईट वाटते.

मी अजूनही रॉक हरली की अस्वस्थ होते. मैत्रीण म्हणते की तेही चालते, तिचे वडीलसुद्धा दूरचित्रवाणी संचावर ओरडतात.

तळेगावकर

शुभ्रकमळ, आपला प्रतिसाद मी मुलींना वाचायला दिला. आपल्या लिखाणावरून एक आठवले. आमच्या बँडिट्सचे प्रशिक्षक जॉन टॅव्हॅरिस १९९२ ते २०१५ इतकी वर्षे याच संघातून खेळले आणि त्या काळात मिसिसॉगाच्या एका शाळेत शिक्षकही होते. शुक्रवारपर्यंत वर्ग घ्यायचा आणि शनिवारी सीमा ओलांडून सामना खेळायचा. या स्पर्धेतील अनेक खेळाडू आजही नोकरी सांभाळून खेळतात, हे कळल्यापासून खराब सामन्यानंतर त्यांच्याविषयी कठोर बोलणे मी सोडून दिले.

सदाफुली

सर्वांचे प्रतिसाद मी रात्री एकत्र वाचले आणि आज सकाळी, म्हणजे कराडला संध्याकाळ असताना, आबांना फोनवर वाचून दाखवले. रानपाखरूंचा कोपरा त्यांनी दोनदा वाचायला लावला. तळेगावकर, शाळेत शिकवणारा माणूस २३-२४ वर्षे एकाच संघाकडून खेळला हे त्यांना फारच आवडले. तो मिसिसॉगाचा असताना रॉककडून का खेळला नाही, असे ते विचारत होते. मी सांगितले की बँडिट्सने त्याला घेतले तेव्हा रॉकचा जन्मही झालेला नव्हता, तो संघ १९९९ मध्ये टोरंटोला आला.

आबा कराडला परत गेले त्या दिवशी विमानतळावर त्यांच्या पिशवीत गेल्या हंगामाचे वेळापत्रक होते. घडी घालून घालून त्याच्या रेघा फाटल्या होत्या. प्रत्येक सामन्यापुढे त्यांनी पेन्सिलीने निकाल लिहिला होता आणि पराभवांच्या ओळी खोडल्या नव्हत्या. आता संघ हॅमिल्टनला परतला आहे, आमच्या घरापासून पाऊण तास. मी त्यांना म्हटले की पुढच्या हिवाळ्यात आलात तर तेवढे अंतर जाऊ. ते म्हणाले, “बाक दिसंल आशा बाजूला तिकीट काढ.”

दुर्वांकुर

सदाफुलीताई, हॅमिल्टनला आमच्या संघाचा सामना असेल तेव्हा कळवावे. आम्ही चौघे येऊ आणि रानपाखरूंनाही घेऊन येऊ.