प्रतिसाद: क्वाइक गरमच घाला

घरी बिअर करताना क्वाइक, म्हणजे नॉर्वेच्या शेतघरांतलं पारंपरिक यीस्ट, ३८ अंश सेल्सिअसवर घातलं तर बिअरला थिनरसारखा वास येईल, अशी भीती इथे कुणी व्यक्त केली आहे. नेहमीच्या एल यीस्टच्या (एल प्रकारच्या बिअरसाठी वापरतात त्या) बाबतीत ती अगदी रास्त आहे. क्वाइकचं गणित मात्र वेगळं. पश्चिम नॉर्वेतल्या व्हॉस भागातले शेतकरी वर्ट (माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, न आंबलेला गोड काढा) साधारण अंगाइतकं कोमट असतानाच क्वाइक घालतात आणि पिंप गुंडाळून ठेवतात, ऊब टिकावी म्हणून. दोन दिवसांत मुख्य आंबवण आटोपतं, आणि व्हॉसच्या वाणाला संत्र्याच्या सालीसारखा जो सुगंध येतो तो या उबेतच खुलतो. २० अंशांवर ठेवून त्याला उगाच दाबू नका.

मला अडचण आली ती भलत्याच ठिकाणी. हलकी, साडेतीन-चार टक्क्यांची बिअर केली आणि आंबवण मध्येच रेंगाळलं. तिथली पारंपरिक बिअर चांगली दाट, माल्टने भरलेली. क्वाइक त्या खुराकावर वाढलेलं. त्यामुळे पातळ वर्टमध्ये यीस्टचं पोषक जरूर घाला. पुढच्या खेपेला मी घातलं, सुरळीत पार पडलं.

आणि तळाला बसलेला यीस्टचा गाळ फेकू नका! पूर्वी लाकडी कड्यांच्या साखळीवर तो वाळवून पुढच्या खेपेपर्यंत जपत. आपण बेकिंग पेपरवर पातळ पसरून वाळवावा, डबीत भरून फ्रीझरमध्ये ठेवावा. पुढच्या वेळी चमचाभर पुरतो. इतकी वर्षं घराघरांतून सांभाळलेलं हे यीस्ट हाताळताना मला खरंच आदर वाटतो.