मदत हवी आहे : डॉक्टर नसलेल्या चिकित्सकाला काय आणि कसे विचारावे?

नमस्कार. माझ्या आईचा मधुमेह आणि रक्तदाब वर्षभरापासून एक नर्स प्रॅक्टिशनर (जादा प्रशिक्षण घेऊन रुग्ण तपासणाऱ्या आणि औषधे देणाऱ्या परिचारिका) पाहत आहेत. डॉक्टरांची भेट क्वचितच होते. या नर्स प्रॅक्टिशनरच्या कामाबद्दल तक्रार मुळीच नाही. उलट, आईला मोजे काढायला लावून, तळपायाला नायलॉनचा बारीक तंतू टेकवून संवेदना तपासणाऱ्या त्या पहिल्याच, आणि बोटांच्या बेचक्यातली जखमही त्यांनाच दिसली.

अमेरिकेत १९६५ साली नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांच्या सोबतीने रुग्ण तपासणारे प्रशिक्षित सहायक) असे दोन्ही अभ्यासक्रम सुरू झाले, तर मोझांबिकमध्ये १९८४ पासून डॉक्टर नसलेल्यांना शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण दिले जाऊ लागले आणि ते सिझेरियनही करतात, हे वाचलेले असल्यामुळे ‘डॉक्टर नाही म्हणजे कच्चा’ असे मी मानत नाही.

अडचण वेगळी आहे. गेल्या महिन्यात आईचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेले दिसले, तेव्हा त्यांनी मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाची मात्रा लगेच कमी केली. निर्णय बहुधा योग्यच असावा. परंतु तो डॉक्टरांना कळवला का, हे विचारताना माझी जीभ अडखळली. (डॉक्टरांनाही असे प्रश्न मी कधी विचारले नव्हते, हे कबूल करतो.)

आपल्यापैकी कोणी अशा पदावर काम करत असेल, तर कृपया सांगावे : रुग्ण कोणत्या टप्प्यावर डॉक्टरांकडे पाठवायचा, हे लेखी ठरलेले असते का? आणि समोरच्या व्यक्तीचा अवमान न होता ते कोणत्या शब्दांत विचारावे? पुढची तपासणी दोन आठवड्यांनी आहे.