लक्ष खेचते ते बक्षीस, की निव्वळ सराव?

दुर्बीण (धागाकर्ता): लक्ष कुठे जाईल हे एकतर आपला हेतू ठरवतो किंवा वस्तूचा भडकपणा, या जुन्या मांडणीत मोबदल्याला स्वतंत्र जागा द्यायला हवी, असे माझे मत आहे. अँडरसन, लॉरेंट आणि यँटिस यांच्या २०११ सालच्या प्रयोगात सहभागींनी आधी लाल किंवा हिरवे वर्तुळ शोधले. एका रंगाला बहुतेक वेळा ५ सेंट मिळत, तर दुसऱ्याला १ सेंट. पुढे पैसे बंद झाले आणि वेगळा आकार तेवढा शोधायचा राहिला. रंगाशी काही कर्तव्य नसतानाही मोठ्या बक्षिसाचा जुना रंग समोर असला की उत्तराला विलंब होई.

काजवा: ही घाई झाली. शेकडो वेळा शोधलेला रंग फुकटातही डोळ्यांत भरतो. शा आणि जियांग यांना २०१६ साली पैशांविना केलेल्या सरावानंतरही असाच विलंब आढळला. लाल आणि हिरवा हे दोन्ही रंग सारखेच शोधले गेले असल्यामुळे खरी कसोटी मोठ्या आणि लहान बक्षिसाच्या रंगांतील फरकाची आहे. ‘जुना रंग आहे’ आणि ‘जुना रंग नाही’ एवढ्याच तुलनेत सराव आणि बक्षीस यांची सरमिसळ राहते.

दुर्बीण: कसोटी मान्य, आणि ल पेली व सहकाऱ्यांचा २०१५ सालचा प्रयोग तिला उतरतो. तिथे रंगीत वर्तुळ कधीच शोधायचे नव्हते; या खेपेला बक्षीस मोठे की लहान, एवढेच त्याच्या रंगावरून कळे. त्याच्याकडे पाहिले तर त्या खेपेचे बक्षीस बुडे, तरीही मोठ्या बक्षिसाच्या रंगाकडे नजर अधिक वेळा गेली. पदरचे पैसे घालवून जोपासलेल्या या ओढीला सराव कसे म्हणणार?

काजवा: इथे सरावाचा आक्षेप मागे घेतो. मात्र तिथे बक्षीस चालूच होते, म्हणजे तो रंग पणाला काय लागले आहे याची ताजी खबर देत होता, आणि अशी खबर टिपणे हे प्रेरणेचेच काम आहे. तुमचा मूळ दावा मोबदला थांबल्यानंतरही उरणाऱ्या ओढीचा होता. त्यासाठी कधीच न शोधलेला रंग घेऊन, पैसे बंद केल्यावर मोठ्या-लहान बक्षिसांतला फरक टिकतो का, हे दाखवावे लागेल.

दुर्बीण: ‘ताजी खबर’ हा मुद्दा मला सुचला नव्हता. पण लहान बक्षिसाचा रंगही तितकीच खबर देत होता, मग नजर त्याच्याकडे कमी का गेली?