प्रश्न: गोव्यातली जुनी वेकबोर्ड बोट (फळीवर उभ्या खेळाडूला मागून ओढणारी) घटप्रभेवरच्या हिडकल धरणावर आणावी का?

दादा, इंजिन किती चाललं ते दाखवणाऱ्या मीटरवर नुसते 400 तास बघून भुलू नका. ती बोट समुद्रात चालली की गोड्या पाण्यात, हे आधी विचारा. बाहेरचंच पाणी थेट आत ओढून थंड होणारं इंजिन खाऱ्या पाण्यात फिरलं असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर गोळा करून बाहेर नेणारा भाग) आतून गंजलेला असतो, वरून रंग मारला की काही कळत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्याच. तळातल्या आडव्या-उभ्या आधारांवर हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघा. खणखणीत न वाजता बद्द आवाज आला तर लाकूड कुजलंय, तिथनंच परत फिरायचं.

माझ्या बोटीचं सांगतो. मे महिन्यात घटप्रभेचं पाणी उतरलं, काठाजवळ गाळ ओढला गेला आणि इंजिन थंड करणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं फिरतं चाक) गेला. (विहिरीवरच्या मोटारीसारखंच की ओ, कोरडा चालवला तरी संपला.) तो दरवर्षी बदला.

वाढीव बॅलास्टच्या पिशव्या (मागची लाट मोठी व्हावी म्हणून वजनासाठी पाणी भरायच्या) नंतर. 300 लिटर म्हणजे 300 किलो! तेवढ्यावर बोट पाण्यावर उठत नसेल तर कमी पिचचा (एका फेऱ्यात बोट कमी पुढं ढकलणारा) पंखा घ्यावा लागतो. आणि पाटबंधारे खात्याची परवानगी बोटीच्या आधी बघा, बयाणा देऊन अडकू नका.