मदत हवी आहे: जुन्या कुलाबा स्टेशनची माहिती, फोटो, नकाशे

नमस्कार मंडळी. गावच्या घरातली पणजोबांची पत्र्याची ट्रंक आवरताना जुन्या पुठ्ठ्याचं एक रेल्वेचं तिकीट सापडलं. कडेला पंचाचं भोक आहे, अक्षरं पुसट झालीत, पण 'कुलाबा' स्पष्ट वाचता येतं. पणजोबा कुलाब्याला कापसाच्या वखारीत मुकादम होते, एवढं आजीकडून ऐकलं होतं. तिकीट हातात घेतलं आणि गलबलून आलं.

चर्चगेटच्या पुढेही गाडी जायची, हे आता किती जणांना माहीत असेल? बी. बी. अँड सी. आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेने १८७३ मध्ये रूळ कुलाब्यापर्यंत नेले, १८९६ मध्ये तिथे मोठं टर्मिनस उभं राहिलं. १९२८ च्या जानेवारीत कुलाबा-बोरिवली विजेची लोकल सुरू झाली आणि त्याच वर्षी पेशावरला जाणारी फ्रंटियर मेल गाडीही तिथूनच सुटू लागली. मग बॅकबेची भरणी (समुद्रात भर घालून जमीन तयार करणं) आली, मुंबई सेंट्रल बांधलं गेलं आणि १९३० च्या अखेरीस कुलाबा स्टेशन बंद झालं. विजेच्या गाड्या जेमतेम तीन वर्षं धावल्या, याची फार हळहळ वाटते.

त्या जागेवर आज बधवार पार्कची रेल्वे वसाहत आहे. तिथे जुनी भिंत, दगड, फलाटाचा तुकडा असं काही कुणी पाहिलंय का? १९३० पूर्वीचा नकाशा किंवा फोटो कुणाच्या घरी आहे का? आणि तिकिटाची शाई आणखी पुसट होऊ नये म्हणून ते कसं जपावं? जाणकारांनी कृपया सांगावं. आजी ९१ वर्षांची आहे, तिला ती जागा दाखवायची आहे.